रक्त एकच, वाटणी वेगळी

गेल्या वर्षी आमच्या एका शाखेच्या वार्षिक सभेत दोन हरकती निघाल्या. पहिली हिशेबावर. शाखेच्या वाचनालयासाठी काही कादंबऱ्या घेतल्या होत्या. एका जुन्या सभासदाने उठून विचारले, "सर्व्हिस रूलचे पुस्तक घेतले असते तर समजलो असतो. कादंबरी वाचून कोणाचा डी.ए. वाढला आहे काय?" सभा हसली. दुसरी हरकत तासाभराने निघाली. डबे धुणाऱ्या कंत्राटी कामगारांना सभासद करून घ्यावे, असा ठराव मांडला गेला होता. त्यावर एक जण म्हणाला, "ते लोक टिकणार नाहीत. गुत्त्यावर जातील, पण मोर्चाला येणार नाहीत. त्यांचे रक्तच तसे." या वेळी सभा हसली नाही, पण कोणी विरोधही केला नाही. ठराव पुढील सभेवर ढकलला गेला.

आम्ही त्या सभेत होतो आणि आम्हीही गप्प बसलो. तेव्हा आज जे लिहीत आहोत ते कोणाला उपदेश म्हणून नव्हे, तर त्या दिवशी द्यायचे राहून गेलेले उत्तर म्हणून. आमचे म्हणणे असे की, या दोन्ही हरकतींना उत्तर एकच आहे. आणि ज्या पुस्तकांच्या बिलावर आक्षेप घेतला गेला, त्यांतल्याच काही पुस्तकांत ते सापडते.

वीस पुस्तके, एक घराणे

एमिल झोला या फ्रेंच लेखकाने १८७१ ते १८९३ या काळात एकमेकींत गुंतलेल्या वीस कादंबऱ्या लिहिल्या. 'रूगों-माकार' हे त्या मालेचे नाव. काळ फ्रान्सच्या नेपोलियन तिसऱ्याच्या राजवटीचा. प्रत्येक कादंबरी स्वतंत्रपणे वाचता येते, पण एका पुस्तकातला पोरगा दुसऱ्या पुस्तकात नायक होऊन येतो, आणि एकीत नुसती नावाने येऊन गेलेली बाई दुसरीत जन्माची कहाणी सांगून जाते.

या घराण्याची मूळ बाई अदेलाइद. तिचे लग्न रूगों नावाच्या माळ्याशी झाले. तो वारल्यावर ती माकार नावाच्या एका चोरट्या व्यापाऱ्याबरोबर राहिली. रूगोंपासून झालेला मुलगा पिएर. माकारपासून झालेली मुले आंत्वान आणि उर्स्यूल. पुढे पिएरचा एक मुलगा मंत्री झाला, दुसरा पॅरिसमधला बडा सट्टेबाज. आंत्वानची मुलगी झेर्व्हेज मात्र पॅरिसच्या गरीब वस्तीत धुणावळ झाली. तिचा एक मुलगा चित्रकार, दुसरा एतिएन खाणकामगार, तिसरा झाक रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर. मुलगी नाना देहविक्रय करणारी. झेर्व्हेजची बहीण लिझा पॅरिसच्या बाजारात मांसाच्या भरभराटीच्या दुकानाची मालकीण, आणि भाऊ झाँ शेतमजूर व पुढे शिपाई. म्हणजे एकाच रक्ताचे मंत्री, सट्टेबाज, दुकानदार, खाणकामगार, ड्रायव्हर आणि शिपाई.

आता या लेखकाचा हेतू काय होता, तेही सांगितले पाहिजे, कारण तो आमच्या बाजूचा नव्हता. पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेत त्याने जाहीर केले की, गुरुत्वाकर्षणाला नियम आहेत तसे आनुवंशिकतेलाही आहेत. आजीचे वेड आणि बापाची दारू नातवंडांत कशी उतरते, ते त्याला सिद्ध करायचे होते. म्हणजे आमच्या सभेत जो सभासद "त्यांचे रक्तच तसे" म्हणाला, तो नकळत झोलाची प्रस्तावनाच बोलत होता. आपल्याकडे तर हे शास्त्र फ्रान्सहून आणायची गरजही पडली नाही. जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्यात आपण त्या लोकांच्या कितीतरी शतके पुढे होतो.

पण मौज अशी की, झोलाने पुस्तके लिहिली आणि पुस्तकांनीच त्याचा सिद्धांत मोडला.

सिद्धांत कसा मोडला

पहिलीच कादंबरी घ्या. पिएर रूगोंने आईला हाताशी धरून तिची जमीन विकवली, पैसा खिशात टाकला आणि सावत्र भावंडांना हात हलवीत बाहेर काढले. तेथून पुढे एक शाखा वर चढली आणि दुसरी राबत राहिली. आजी तर दोघांचीही एकच! वेड उतरायचे तर ते मंत्र्यातही उतरले असते. उतरली ती मालमत्ता, आणि तीही एकाच बाजूला. रक्ताची वाटणी सारखी, पैशाची वाटणी वेगळी, हा या वीस पुस्तकांचा खरा हिशेब आहे. मग लेखकाने प्रस्तावनेत काहीही लिहिलेले असो.

झेर्व्हेजची कहाणी १८७७ सालच्या 'लासोम्वार' या कादंबरीत आहे. तिचा नवरा कुपो छपरावर जस्ताचे पत्रे बसवणारा कारागीर. व्यसन नसलेला, कामसू. एके दिवशी तो छपरावरून पडतो. तेव्हा ना नुकसानभरपाईचा कायदा होता, ना आजारपणाची भरपगारी रजा. महिनोन्‌महिने खाटेवर पडून तो कामाला भितो, मग आळसावतो, मग पितो. बायकोची गाठीशी बांधलेली पुंजी औषधपाण्यात जाते. शेवटी तीही पिऊ लागते आणि जिन्याखालच्या खबदाडात मरते. लोक म्हणतात, दारुड्याची अवलाद. पण दारू रक्तातून आली की छपरावरून? ज्याने अपघातानंतर घरी बसलेला सहकारी पाहिला आहे, त्याला हे उत्तर आम्ही सांगायला नको.

आणखी एक पुरावा तर झोलाने स्वतःच्या हाताने ठेवला आहे. रेल्वेवरची कादंबरी लिहिताना जन्मजात खुनी म्हणून एतिएनलाच आणायचे, असा त्याचा मूळ बेत होता. पण मधल्या काळात, १८८५ साली, त्याच एतिएनला त्याने 'जर्मिनाल' या कादंबरीत खाणकामगारांच्या संपाचा पुढारी केले होते. संपात उभा राहिलेला माणूस पुन्हा जन्मजात खुनी म्हणून कसा उभा करणार? तेव्हा त्याने झेर्व्हेजला एक नवाच मुलगा दिला, झाक. 'लासोम्वार'मध्ये ती पॅरिसला येते तेव्हा तिच्याबरोबर दोनच मुलगे असतात. तिसऱ्याचा तेथे पत्ताच नाही. आम्ही याचा अर्थ असा लावतो की, एकदा माणूस आपल्या वर्गासाठी उभा राहिला की त्याच्यावर रक्ताचा शिक्का मारणे त्याच्या निर्मात्यालाही जमत नाही.

फूट कशी पाडली जाते

'जर्मिनाल'मधला एतिएन कोण, ते आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. तो लील शहरातल्या रेल्वे कारखान्यातून, वरिष्ठाला थप्पड मारल्याबद्दल बडतर्फ झालेला कामगार आहे. भुकेने फिरत तो उत्तर फ्रान्सच्या कोळसाखाणीवर येतो. तेथे संप कशावरून पेटतो? कंपनी म्हणते, खाणीत टेकू लावण्याचे काम तुम्ही नीट करीत नाही. आता त्याचे पैसे वेगळे देऊ, मात्र कोळशाच्या डब्यामागे ५० सांतीमऐवजी ४० मिळतील. कागदावर हिशेब बरोबर, हातात पगार कमी. मजूर टेकूला वेळ देतो तर कोळसा कमी भरतो. कोळसा भरतो तर छत अंगावर येते आणि वर दंडही होतो. सुरक्षितता आणि पोट यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची ही युक्ती आहे. आज डबे धुण्याचे कंत्राट, लाईनवरच्या कामाचे कंत्राट, टपाल वाहून नेणाऱ्या गाडीचे कंत्राट ज्या दराने दिले जाते, तो दर काढणाऱ्याने 'जर्मिनाल' वाचलेले नसेल, पण युक्ती तीच आहे.

झोला हे घरी बसून लिहीत नव्हता. १८८४ साली आंझँच्या खाणीत संप चालू असताना तो तेथे गेला आणि खाणीत उतरला. १८८९ साली रेल्वेच्या कादंबरीसाठी तो इंजिनाच्या फूटप्लेटवर उभा राहून पॅरिसहून मांतपर्यंत गेला.

ती रेल्वेची कादंबरी, 'ला बेत ह्युमेन', १८९० साली निघाली. पॅरिस ते ल हाव्र ही लाईन. तिच्यात कंपनीचा एक प्रतिष्ठित संचालक धावत्या गाडीत मारला जातो. खून करतो असिस्टंट स्टेशन मास्तर. कारण त्या संचालकाने त्याच्या बायकोची ती लहान असताना विटंबना केलेली असते. न्यायखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती खऱ्या गोष्टीचा कागद येतो. पण खटला चालला तर संचालकाची अब्रू जाईल आणि सरकारची पंचाईत होईल, म्हणून तो कागद दाबून ठेवतो आणि अखेर जाळतो. संशय कोणावर येतो? काबूश नावाच्या एका दगडफोड्यावर. तो पूर्वी तुरुंगात जाऊन आलेला, अंगाने राकट, बोलायला येत नाही. त्याचे रक्तच तसे दिसते ना! न केलेल्या गुन्ह्यांसाठी त्याला जन्माची सक्तमजुरी होते. रक्ताच्या सिद्धांताचा व्यवहारात उपयोग कोणाला होतो, ते झोलाने इतके स्वच्छ दाखवले आहे की प्रस्तावना विसरून जावी.

या कादंबरीत फाझी नावाची एक फाटकवाली आहे. नवरा पैशासाठी तिला थोडे थोडे विष घालतो आहे. घरासमोरून रात्रंदिवस गाड्या जातात, उजेडाच्या खिडक्यांतून हजारो चेहरे जातात. सारे जग तिच्या दारावरून जाते आणि ती मरते आहे हे त्यांतल्या एकालाही माहीत नाही. जंगलातल्या गेटवर बारा तासांची ड्युटी केलेल्या आमच्या गेटमन बंधूंना आम्ही विचारतो, हे वर्णन करायला त्या लेखकाला कोणी सांगितले असेल? आणि आमच्या पोस्टमन बंधूंनाही विचारतो. तुम्ही गावोगाव माणसाला माणसाशी जोडता. पण टपालाची पिशवी वाहणारा ग्रामीण डाक सेवक खात्याचा नियमित कर्मचारी नाही, हे त्या पत्रावरच्या किती नावांना ठाऊक असते?

माणसे भेटतात, पण उशिरा

या कादंबऱ्यांत माणसे एकमेकांना भेटत नाहीत असे नाही. 'जर्मिनाल'च्या शेवटी खाणीत पाणी भरते आणि एतिएन आत अडकतो. त्याला काढायला दिवसरात्र खणणारा इंजिनियर नेग्रेल हा मॅनेजरचा भाचा. संपात दोघे समोरासमोर शत्रू म्हणून उभे राहिलेले. भिंत फुटते, एतिएन बाहेर येतो आणि दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. त्याआधी एतिएनच्या मांडीवर कात्रीन मरून गेलेली असते.

१८९२ सालच्या 'ला देबाक्ल' मध्ये एतिएनचा मामा झाँ आहे. शेतात राबलेला हा माणूस आणि मोरिस हा शिकलेला तरुण १८७० च्या युद्धात एका तुकडीत येतात. आधी एकमेकांचा तिटकारा, मग एका भाकरीतले दोन वाटे, मग सख्ख्या भावासारखी माया. दोघांनी एकमेकांचा जीव वाचवलेला. पुढल्याच वर्षी पॅरिसमध्ये कामगारांचे कम्यून उभे राहते. मोरिस कम्यूनच्या बाजूला, झाँ सरकारी फौजेत. बॅरिकेडवर अंधारात झाँ संगीन खुपसतो, आणि मग पाहतो तर तो मोरिस.

आम्ही या दोन प्रसंगांचा धडा असा घेतो. माणसाचे माणसाशी नाते आहेच. ते लेखकाला कल्पनेने निर्माण करावे लागत नाही. पण त्याला संघटनेचा आधार नसेल तर ते खाणीच्या तळाशी, अपघातात, मृताच्या उशाशी उमगते. वेगळ्या झेंड्याखाली उभे केले की मित्रही मित्राला ओळखत नाही. 'ला बेत ह्युमेन'चा शेवट तोच आहे. वर्षानुवर्षे एका फूटप्लेटवर काम केलेले ड्रायव्हर आणि फायरमन धावत्या इंजिनावर भांडतात, खाली पडून चाकांखाली जातात, आणि युद्धावर निघालेल्या शिपायांनी भरलेली गाडी ड्रायव्हरशिवाय धावत राहते.

दोन भाऊ न भेटलेले

आता मालेचे महत्त्व सांगतो. एतिएन आणि झाक हे सख्खे भाऊ. एक कोळसा काढतो, दुसरा कोळसा जाळून गाडी चालवतो. तरी दोन्ही कादंबऱ्यांत हे भाऊ एकदाही भेटत नाहीत. संपात एतिएनला गोळ्या झेलाव्या लागतात तेव्हा झाकची गाडी बंद पडत नाही. हे भाऊ आहेत, हे फक्त एकालाच दिसते: ज्याने दोन्ही पुस्तके वाचली, त्या वाचकाला.

बंधुभगिनींनो, आपणही असेच वेगवेगळ्या पुस्तकांत राहतो. लोको पायलटला वाटते आपली गोष्ट निराळी. ट्रॅकमनला वाटते आपली निराळी. आर.एम.एस.च्या सॉर्टरला पोस्टमनचे उन्हातले पाय दिसत नाहीत, पोस्टमनला सॉर्टरची रात्र दिसत नाही. आणि कंत्राटी कामगाराला तर कोणीच आपल्या पुस्तकात घेत नाही. दोन्ही पुस्तके वाचणारा कोणीतरी हवा. संघटनेचे काम तेच.

हे सांगायला आपल्याला फ्रान्सपर्यंत जायचीही गरज नव्हती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी सांगितले की, या कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. अस्पृश्य कामगाराला रेल्वेत गँगमन म्हणूनच राहावे लागते. पोर्टरची जागासुद्धा मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तराच्या घरची कामे करावी लागतात, हे त्यांनी उघडपणे मांडले. त्याआधी १९३६ साली त्यांनी दाखवून दिले होते की, जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे. रक्ताचा सिद्धांत कामगाराच्या तोंडून बोलला गेला की मालकाचे निम्मे काम फुकट होते.

आणि ८ मे १९७४ आठवा. त्याआधीच्या वर्षी लोको रनिंग स्टाफ एकटा लढला होता. १९७४ साली मात्र अनेक संघटना एका समन्वय समितीत आल्या, आणि वेगवेगळ्या कॅटेगरीची माणसे एकाच तुरुंगाच्या बराकीत बसली. तो संप २७ मेला मागे घ्यावा लागला, मागण्या मिळाल्या नाहीत. पण त्या वीस दिवसांत दोन पुस्तकांतले भाऊ भेटले होते. ज्यांनी ते पाहिले त्यांच्या आठवणी निवृत्तीनंतरही ताज्या राहिल्या, त्या उगीच नव्हेत.

लेखकही बदलला

झोला आमचा नेता नव्हे. जमाव रस्त्यावर आला की तो त्याला श्वापदासारखा दाखवतो. कामगाराची दारू तो जितकी बारकाईने मोजतो तितकी त्याची शिस्त मोजत नाही. हे दोष आम्ही झाकत नाही. पण संपात नवरा आणि मुले गमावलेली माए कुटुंबाची बाई शेवटी स्वतः खाणीत उतरते, आणि निरोप घेताना एतिएनच्या हाताला घट्ट धरते, त्या हस्तांदोलनात आम्हाला लेखकाच्या सिद्धांतापेक्षा जास्त सत्य दिसते.

शिवाय तो लेखकही तेथेच थांबला नाही. कॅप्टन ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला १८९४ साली खोट्या आरोपावर देशद्रोही ठरवण्यात आले. जन्माने ज्यू, म्हणजे गद्दारी रक्तातच, असे निम्मे फ्रान्स म्हणत होते. १३ जानेवारी १८९८ रोजी झोलाने राष्ट्राध्यक्षांना उघड पत्र लिहून लष्करी अधिकाऱ्यांवर नावानिशी आरोप केले. त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली, देश सोडावा लागला. ड्रेफस १९०६ साली निर्दोष ठरला. ते पाहायला झोला नव्हता. रक्ताचा सिद्धांत मांडून ज्याने आरंभ केला, त्याने रक्तावरून गुन्हेगार ठरवलेल्या माणसासाठी आपले नाव पणाला लावले. वीस पुस्तके लिहिताना त्याने जे पाहिले, त्याचाच हा परिणाम, असे आम्ही मानतो. १९०२ साली त्याच्या अंत्ययात्रेत खाणकामगारांचे एक शिष्टमंडळ 'जर्मिनाल, जर्मिनाल' असा घोष करीत चालले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगात अंकुर फुटण्याच्या महिन्याचे ते नाव.

कादंबरी वाचून डी.ए. वाढत नाही, हे खरे. डी.ए. वाढतो संघटनेने, आणि शेजारच्या माणसाला आपला म्हणायला जो तयार नाही, त्याला संघटना बांधता येत नाही. तेव्हा आमच्या मागण्या दोनच आहेत. शाखेच्या वाचनालयाची तरतूद कापू नका. ज्यांना इंग्रजी वा हिंदी वाचता येते त्यांनी ही पुस्तके वाचावीत आणि रनिंग रूममध्ये, सॉर्टिंगच्या मधल्या सुटीत इतरांना त्यांची गोष्ट सांगावी. आणि पुढल्या सभेत तो ठराव पुन्हा येईल, तेव्हा डबे धुणाऱ्या कंत्राटी कामगारांना सभासद करून घ्या. कोणी उठून रक्ताची गोष्ट काढली, तर त्याला विचारा: कोणाच्या जमिनीचे पैसे कोणाच्या खिशात गेले, ते आधी सांगा.

या वेळी आम्ही गप्प बसणार नाही. तुम्हीही बसू नका.